ताईच बरी

आमच्या ऑफिसच्या एचआर पोर्टलवर ‘डिपेण्डण्ट्स’ नावाचं एक पान आहे. दरवर्षी मेडिक्लेम रिन्यू व्हायची वेळ आली की ते उघडतं आणि एक यादी दाखवतं. स्पाउज, चाइल्ड, पॅरेण्ट, पॅरेण्ट-इन-लॉ. संपली यादी! आता माझ्या घरात यातलं एकही पात्र नाही. नवरा अजून यायचाय, मुलं ही त्यानंतरची गोष्ट आणि आईबाबा दोघंही नाहीत. माझ्या घरात आहे एक धाकटी बहीण. आठवीत शिकते. तिला धुळीची ॲलर्जी आहे, दातांना तारा आहेत, गणिताचा क्लास आहे आणि दर चार महिन्यांनी तिचे बूट लहान होतात. हे सगळं माझ्या पगारातून चालतं. डिपेण्डण्ट म्हणजे याहून वेगळं काय असतं बुवा? पण यादीत बहीण नाही म्हणजे नाही.

कॅण्टीनमध्ये मी हे रडगाणं सुरू केलं की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘मग ॲडॉप्ट करून टाक ना तिला. सिम्पल!’ चहात बिस्कीट बुडवावं इतक्या सहजपणे. लगेच दुसरा एखादा जाणकार मान हलवतो, ‘ॲडॉप्ट कशाला? कस्टडी घे.’ तो बिचारा हिंदी सिनेमे जास्त बघतो.

तर मंडळी, आजचा कॉलम या ‘सिम्पल’बद्दल. कारण आपल्यासारख्याच ईएमआय आणि अप्रेझलच्या चक्रात फिरणाऱ्या काही जणांच्या घरी असं एखादं धाकटं भावंडं असतं, आणि ही मंडळी ऑफिसात त्याबद्दल फारसं बोलत नाहीत. संध्याकाळी साडेसहाला लॅपटॉप बंद करून पळतात. टीमला वाटतं, जिमला जात असेल.

आमची गोष्ट थोडक्यात. एप्रिल २०२१. आधी आई गेली, मग नऊ दिवसांनी बाबा. मी २५ वर्षांची, धाकटी ८ वर्षांची. आमच्यात १७ वर्षांचं अंतर आहे. आजी तिला शेंडेफळ म्हणते, बाबा ‘बोनस’ म्हणायचे. त्या महिन्याबद्दल मी इथे याहून जास्त लिहिणार नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायची गरज नाही.

मे महिन्यात मामा आमच्याकडे येऊन राहिले. त्यांनी गॅसचा नंबर लावण्यापासून सोसायटीच्या मेण्टेनन्सपर्यंत सगळं निस्तरलं. पण कोर्टाचा विषय निघाला की म्हणायचे, ‘पोरी, कागदबिगद कशाला? तू तिची सख्खी बहीण. तुझ्याकडून कोण नेणार आहे तिला?’ मामांचं खरंच होतं. न्यायला कोणीच आलं नव्हतं. पण प्रश्न नेण्याचा नव्हता, सह्यांचा होता. बँक असो, शाळा असो की हॉस्पिटल, फॉर्म पुढे आला की खाली एक रकाना असतो: पालकाची सही. आणि त्याच्या शेजारी दुसरा रकाना: नातं.

कायद्याच्या लेखी हिंदू मुलाचे नैसर्गिक पालक म्हणजे आई आणि वडील. आजी नाही, मामा नाही, आणि ताई तर नाहीच नाही. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा आणखी एक पाऊल पुढे जातो. केवळ प्रत्यक्षात सांभाळ करतो एवढ्याच कारणावरून कोणालाही मुलाच्या मालमत्तेचा व्यवहार करता येणार नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. म्हणजे मी तिला रोज डबा करून देणार, तापात रात्रभर जागणार, पण आईबाबांच्या फ्लॅटमधल्या तिच्या अर्ध्या वाट्याच्या एका कागदावरही सही करू शकणार नाही. (जाता जाता, कायद्याच्या मराठीत अल्पवयीन मुलाला ‘अज्ञान’ म्हणतात. धाकटीला हे कळलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.)

आईची एक शाळेतली मैत्रीण वकील आहे. मी तिला मावशी म्हणते. तिनं मला समोर बसवलं, पोहे खायला घातले आणि सगळा फण्डा तीन वाक्यांत क्लिअर केला. ‘हे बघ, ताबा म्हणजे मूल राहतं कोणाकडे. पालकत्व म्हणजे त्याच्यासाठी निर्णय कोण घेतं. आणि दत्तक म्हणजे मूल आहे कोणाचं.’ सिनेमातली कस्टडी ही पहिली गोष्ट. ती बहुतेक वेळा भांडणाऱ्या नवरा-बायकोंची असते. आमच्याकडे भांडायलाच कोणी नव्हतं. मला हवी होती ती दुसरी गोष्ट, पालकत्व. त्यासाठीचा कायदा आहे १८९० चा, पालक व पाल्य कायदा. हो, राणी व्हिक्टोरियाच्या काळातला! पण ऑफिसच्या पोर्टलपेक्षा तो जास्त समजूतदार निघाला. पालक व्हायची ज्याची इच्छा आहे तो अर्ज करू शकतो, मुलाचा कोणीही नातेवाईक किंवा अगदी स्नेहीसुद्धा करू शकतो. बहिणीला तिथे दार बंद नाही.

आम्ही जुलैत अर्ज केला. मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या कोर्टात तो करावा लागतो. मुलाच्या व्यक्तीचं पालकत्व फॅमिली कोर्टात आणि मालमत्तेचं जिल्हा न्यायालयात, अशी एक गंमत त्यात आहे. दोन मृत्यूचे दाखले, तिचा जन्मदाखला, माझ्या पगाराच्या स्लिपा, फ्लॅट आणि एफडीची यादी, शिवाय आजी, मामा आणि आत्या यांची ‘आमची हरकत नाही’ अशी प्रतिज्ञापत्रं. आत्यानं त्यासाठी नागपूरहून सही करून कुरिअर केलं आणि पाकिटात चकल्याही घातल्या. कोर्ट काय बघतं? मुलाचं हित, बाकी सगळं त्यानंतर. माझं वय, स्वभाव, ऐपत, नात्याची जवळीक, आईवडिलांची काही इच्छा असेल तर ती. आणि मूल समजत्या वयाचं असेल तर त्याचं स्वतःचं म्हणणं. न्यायाधीशबाईंनी धाकटीला चेंबरमध्ये बोलावलं. ‘तुला कुठे राहायचंय?’ असं विचारलं. ती म्हणाली, ‘घरीच.’ एवढंच. जानेवारी २०२२ मध्ये हुकूम हातात आला.

हा हुकूम म्हणजे काही नुसती शोभेची फ्रेम नव्हे. त्याला अटी चिकटून येतात. तिच्या वाट्याची स्थावर मालमत्ता कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. कोर्टानं मागितले तर हिशेब द्यावे लागतात. तिला कोर्टाच्या हद्दीबाहेर कायमचं न्यायचं तर परवानगी लागते. मी एक एक्सेल शीट ठेवली आहे. तिच्या पैशांतून काय आलं, काय गेलं, सगळं पै न पै. धाकटीनं त्यात ‘पिझ्झा’ नावाची वेगळी टॅब उघडून दिली आहे, ती अजून रिकामी आहे. माझ्या काही मैत्रिणींना हे अपमानास्पद वाटतं. ‘सख्ख्या बहिणीवर संशय?’ मला तसं अजिबात वाटत नाही. आठ वर्षांच्या मुलीच्या बाजूनं कोणीतरी तिऱ्हाईत उभं आहे, ही उलट बरीच गोष्ट आहे. सगळ्याच ताया आणि सगळेच दादा सारखे नसतात.

खरी मजा पुढे आली. २०२४ च्या मध्यावर मला ऑनसाइटची ऑफर आली. न्यू जर्सी, दोन वर्षं, एल-वन व्हिसा. आयटीत राहिलेल्या माणसाला मी ऑनसाइटचं महत्त्व सांगायला नको. होम लोन, ग्रीन कार्डची स्वप्नं, लिंक्डइनवरचा स्टॅच्यू ऑफ लिबर्टीसमोरचा फोटो, सगळं त्या एका शब्दात असतं. मी लगेच विचारलं, बहिणीला नेता येईल? उत्तर आलं की या व्हिसावर सोबत येऊ शकतात दोनच प्रकारचे लोक: जोडीदार, आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं. भावंडं नाहीत. पालकत्वाचा हुकूम असला तरी नाहीत. पण दत्तक मूल चालतं! ते १६ वर्षांचं व्हायच्या आत दत्तक घेतलेलं असावं आणि दोन वर्षं कायदेशीर ताब्यात आणि सोबत राहिलेलं असावं, अशी अमेरिकेच्या कायद्याची अट. धाकटी तेव्हा ११ वर्षांची होती. हुकूम हातात येऊन दोन वर्षं उलटली होती. म्हणजे कॅण्टीनमधलं ‘ॲडॉप्ट करून टाक’ अचानक चेष्टा राहिलं नाही. एका कागदापुरती ती माझी मुलगी झाली की आम्ही दोघी विमानात!

मी पुन्हा मावशीकडे. पुन्हा पोहे.

दत्तक म्हटलं की आपल्याला शाळेतला डलहौसी आठवतो, १८४८ साली साताऱ्याचा दत्तक वारस नामंजूर करणारा. त्यापलीकडे आपलं ज्ञान जात नाही. मावशीनं मला सांगितलं की जुन्या धर्मशास्त्रात भावाला दत्तक घ्यायला चक्क मनाई होती. नंद पंडितांच्या ‘दत्तकमीमांसा’ या ग्रंथाचं म्हणणं असं की दत्तक हा पुत्राच्या प्रतिबिंबासारखा हवा, आणि भाऊ, काका, मामा हे काही पुत्रासारखे शोभत नाहीत. मला हे वाचून त्या पंडितांबद्दल एकदम आपुलकी वाटली. तेव्हाही कोणालातरी वाटलं होतं की भाऊ हा भाऊच असतो. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानं ही मनाई ठेवली नाही. त्यामुळे आज हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबात धाकट्या भावंडाला दत्तक घेणं तत्त्वतः शक्य आहे.

पण नियम काय आहेत बघा. स्त्रीनं मुलगा दत्तक घ्यायचा तर ती त्याच्याहून किमान २१ वर्षांनी मोठी हवी. पुरुषानं मुलगी घ्यायची तरी तेच. स्त्रीनं मुलगी घेतली तर मात्र अंतराची अटच नाही! म्हणजे आमच्या धाकटीऐवजी धाकटा असता, तर १७ वर्षांच्या अंतरात विषय तिथेच संपला असता. शिवाय मूल १५ वर्षं पूर्ण झालेलं नसावं, म्हणजे घड्याळ चालूच. आईवडील दोघंही नसतील तर पालकानं मूल दत्तक द्यायचं, कोर्टाच्या पूर्वपरवानगीनं. आणि घेणारी व्यक्ती तो पालक स्वतःही असू शकतो. म्हणजे मीच मला माझी बहीण देणार. एका हातानं देणार, दुसऱ्या हातानं घेणार!

दुसरा रस्ता बाल न्याय कायद्याचा, २०१५ चा. त्यात कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं आणि २०२२ पासून त्याचे आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. नात्यातलं मूल दत्तक घ्यायची सोयही त्यात आहे. पण ‘नातेवाईक’ म्हणजे कोण, याची व्याख्या वाचली आणि मला त्या एचआर पोर्टलची आठवण झाली. काका, आत्या, मामा, मावशी, दोन्हीकडचे आजी-आजोबा. संपली यादी! म्हणजे मामा या कायद्यानं धाकटीला दत्तक घेऊ शकले असते, नागपूरची आत्या घेऊ शकली असती, ७२ वर्षांची आजीसुद्धा नात्यात बसते. तिच्यासोबत एकाच आईच्या पोटातून आलेली मी मात्र बसत नाही. नात्याबाहेरून घ्यायचं तर वयात किमान २५ वर्षांचं अंतर लागतं. माझ्या शेजारच्या क्यूबिकलमध्ये वसईचा एक ख्रिश्चन मित्र बसतो. तो आपल्या १० वर्षांच्या भावाला सांभाळतो. त्याच्यासाठी १९५६ चा कायदा लागू नाही आणि २०१५ च्या व्याख्येत तो बसत नाही. त्याच्याकडे १८९० चा पालकत्वाचा कायदा हाच काय तो मार्ग. मुस्लिम, पारशी घरातल्या दादा-तायांचंही तेच.

आमच्यासाठी मात्र दार उघडं होतं. आणि खरं सांगू? मी आतून हलले होते. दोन वर्षं न्यू जर्सी! मग मावशीनं दत्तकाचा परिणाम सांगायला सुरुवात केली. दत्तकाच्या तारखेपासून मुलाचं जन्माच्या कुटुंबाशी असलेलं नातं कायद्यानं तुटतं आणि नव्या कुटुंबाशी जोडलं जातं. आधीच तिच्या नावे झालेली मालमत्ता तिचीच राहते, तिला कोणी हात लावत नाही. पण नाती बदलतात. आणि एकदा झालेलं वैध दत्तक रद्द करता येत नाही. अमेरिकेहून परत आलो, प्रोजेक्ट संपलं, आता पुन्हा बहिणी होऊ या, असं चालत नाही.

तू अविवाहित असताना दत्तक घेतलंस आणि नंतर लग्न केलंस, तर तुझा नवरा तिचा कोण? मावशीनं विचारलं. मी म्हटलं, भावोजी. ‘नाही. सावत्र वडील. कायद्यातच लिहिलंय.’ त्या वेळी मी ज्याच्यासोबत वीकएण्डला सिनेमे बघत होते त्या मुलाचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. तो धाकटीला चेसमध्ये हरवू शकत नाही. त्याला एकदम सावत्र बाप करायचा म्हणजे जरा ओव्हरच झालं.

धाकटीला विचारल्याशिवाय काही करायचं नव्हतंच. कोर्टही मुलाचं म्हणणं विचारात घेतं. मी रविवारी तिला सगळं नीट समजावलं. विमान, शाळेची पिवळी बस, बर्फ, सगळं. ती ऐकत होती. मग तिनं वहीचं मागचं पान उघडलं आणि फॅमिली ट्री काढायला घेतला, शाळेत नुकताच शिकवला होता.

‘तू माझी आई झालीस तर आईची आई माझी आजी ना?’

‘हो.’

‘म्हणजे आपली आई माझी आजी?’

‘कागदावर.’

‘आणि आजी पणजी?’ ती भराभर नावं खोडत होती, बाण काढत होती. ‘आणि मामाचा मुलगा माझा मामा? ताई, तो दहावीत आहे! तो मला होमवर्क विचारतो!’

मी हसले. तीही हसली. मग तिनं पेन ठेवलं आणि म्हणाली, ‘बाबांच्या जागी काय लिहायचं?’

मी काही बोलले नाही. तिनं त्या चौकटीत काहीच लिहिलं नाही, वही मिटली आणि कार्टून लावलं.

मी ऑनसाइट नाकारली. आमच्या टीममधला दुसरा एक जण गेला, त्याचे टाइम्स स्क्वेअरचे फोटो मी लाइक करते. त्यागबिग काही नाही, कृपा करून मला तसले मेसेज पाठवू नका. मी साधा हिशेब केला. दोन वर्षांच्या व्हिसासाठी आमच्या आईबाबांना तिच्या कागदांवरून कायमचं एक पिढी मागे सरकवायचं होतं. तिच्याकडे त्यांची फार थोडी वर्षं आहेत. आठच. त्यातलीही पहिली तीन-चार कोणाला आठवतात? बाकी सगळं मी तिला देऊ शकते, बूट, क्लास, दातांच्या तारा. पण ‘आईचं नाव’ या रकान्यात जे लिहिलेलं आहे ते माझं देण्यासारखं नाही आणि घेण्यासारखंही नाही.

मी दत्तकाच्या विरोधात आहे असं समजू नका. भावंड अगदी तान्हं असेल, त्याला आईवडील आठवतच नसतील, घरात त्याला वाढवणारा दादा आणि वहिनीच असतील, तर ते त्याचे आईवडीलच आहेत. तिथे दत्तक हे खरं ते कागदावर आणणं आहे. माझं म्हणणं एवढंच की मेडिक्लेमच्या ड्रॉपडाउनसाठी किंवा व्हिसासाठी नातं बदलू नये. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ‘आपलंच तर आहे’ म्हणत काहीच न करणं. पालकत्वाचा हुकूम हा दत्तकाचा गरीब भाऊ नव्हे.

तरी त्यात भोकं आहेत, ती लपवण्यात अर्थ नाही. पहिलं म्हणजे हे पालकत्व तिच्या १८ व्या वाढदिवशी संपतं. (१९९९ पर्यंत कोर्टानं पालक नेमलेलं मूल २१ व्या वर्षी सज्ञान व्हायचं, मग कायदा बदलला आणि सगळ्यांना १८ लागू झाले.) दुसरं, ती माझी बहीण राहते, म्हणून पैशाच्या बाबतीत सरकार तिला कधी ओळखतं, कधी ओळखत नाही. जुन्या करपद्धतीत मी तिच्या मेडिक्लेमचा हप्ता भरला तर वजावट नाही, शाळेच्या फीचीही नाही. पण एलटीएमध्ये अवलंबून असलेली भावंडं कुटुंबात धरतात! म्हणजे आयकर खात्याच्या मते बहिणीला कोकणात फिरायला नेणं हा कौटुंबिक खर्च आहे, शाळेत पाठवणं नाही. याउलट कर्मचारी राज्य विम्याच्या कायद्यात २०१० साली एक शहाणी सुधारणा झाली. विमाधारक अविवाहित असेल, आईवडील हयात नसतील, तर त्याच्यावर पूर्णपणे अवलंबून असलेले अल्पवयीन भाऊबहीण कुटुंबात आले. कोणीतरी त्या समितीत बसून आमच्यासारख्या घरांचा विचार केला होता, त्या अनोळखी माणसाला माझा नमस्कार.

तिसरं भोक पीएफचं. ते फार कमी लोकांना माहीत असतं, म्हणून जरा लक्ष देऊन वाचा. १९५२ पासूनच्या पीएफ योजनेत ‘कुटुंबा’त भावंडं नाहीत. तुम्हाला कुटुंबच नसेल तर कोणालाही नॉमिनी करता येतं, मी धाकटीला केलंय. पण उद्या माझं लग्न झालं की ते नॉमिनेशन आपोआप रद्द समजलं जातं. कोणी कळवत नाही, मेसेज येत नाही. लग्नाच्या गडबडीत मेहंदीवाली लक्षात राहते, पीएफचा फॉर्म नाही.

आणि चौथं सगळ्यात मोठं, खास मुलींसाठी. विवाहित हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या स्वकष्टाच्या पैशावर पहिला हक्क मुलांचा आणि नवऱ्याचा. ते नसतील तर? मला वाटलं होतं माहेरचा. चूक! नवऱ्याच्या वारसांचा. माहेरचे त्यानंतर. आईवडिलांकडून वारशानं आलेलं असेल आणि मूलबाळ नसेल तरच ते वडिलांच्या वारसांकडे परततं. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण होतं. लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झालेली, सासरहून बाहेर काढलेली, माहेरच्यांनी शिकवून उभी केलेली नोकरदार बाई. तिची कमाई शेवटी नवऱ्याच्या बाजूच्या वारसांना गेली. न्यायालयानं म्हटलं, भावना एकीकडे आणि कायदा एकीकडे. दत्तक मुलगी या रांगेत पहिल्या ओळीत उभी असते. बहीण कुठल्या कुठे मागे. इथे दत्तकाचं पारडं खरंच जड आहे, हे मला मान्य.

यावर उपाय एकच, आणि तो स्वस्त आहे. मृत्युपत्र. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, रजिस्ट्रेशन ऐच्छिक आहे, दोन साक्षीदारांसमोर सही केली की झालं. पंचविशी-तिशीत मृत्युपत्र म्हटलं की लोक तोंडासमोर चुटकी वाजवतात, आजीनं तर माझी दृष्टच काढली. पण धाकटं माणूस पदरात असेल तर ते करावंच. मी गेल्या दिवाळीत केलं. सोसायटीतल्या दोघा काकांना साक्षीला बोलावलं, फराळाचं ताट पुढे ठेवलं, सह्या घेतल्या.

ते निघून गेल्यावर धाकटीनं कागद हातात घेतला. ‘वाचू?’

‘वाच.’

तिनं सगळं वाचलं, अवघड शब्दांवर बोट ठेवत. ‘म्हणजे मला काय मिळणार?’

‘माझा अर्धा फ्लॅट, म्युच्युअल फंड आणि गाडीचं उरलेलं लोन.’

‘गाडी नको,’ ती म्हणाली, आणि चकलीचा डबा घेऊन आत गेली.